नवं किट टाकूनही कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

बोटीच्या मागे बसवायच्या आउटबोर्ड मोटरच्या कार्ब्युरेटरवर (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागावर) या वेळी इतके प्रश्न आले की हे सदर पूर्णपणे त्यालाच देत आहोत. बहुतेकांची तक्रार एकच आहे: कार्ब्युरेटर खोलला, साफ केला, नवं किट (बदलायच्या सुट्या भागांचा संच) टाकलं, आणि मग पेट्रोल वाहायला लागलं. आधी थोडी ओळख: पेट्रोल कार्ब्युरेटरच्या खालच्या वाटीत साठतं. ते वाढलं की त्यावर तरंगणारा फ्लोट वर येतो, त्याची जीभ नीडलला (सुईला) सीटमध्ये (तिच्या बैठकीत) दाबते आणि पेट्रोल अडतं. बल्ब म्हणजे पेट्रोलच्या पाइपमधला हाताने दाबायचा रबरी पंप.

प्रश्न : दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक मोटर आहे. कार्ब्युरेटरमध्ये नवीन नीडल, सीट आणि गॅस्केट टाकले. आता बल्ब दाबला की कार्ब्युरेटरच्या तोंडातून पेट्रोल ठिबकतं. मोटर सुरू होते, पण धूर खूप आणि स्लोवर बंद पडते. फ्लोटची उंची दोनदा बदलून पाहिली, फरक नाही. आता काय करू?

उत्तर : फ्लोटला आता हात लावू नका. उंची बदलून फरक पडला नाही याचा अर्थ दोष बहुधा उंचीत नाहीच. दरवेळी जीभ वाकवत गेलात तर मूळ दोष सापडेल तेव्हा उंचीही बिघडलेली असेल.

कार्ब्युरेटर पुन्हा काढण्याआधी पेट्रोल नेमकं कुठून येतंय ते बघून घ्या. मोटर सरळ उभी ठेवा. मोटर बंद करणाऱ्या किल स्विचची दोरी काढून ठेवा, आसपास आग किंवा ठिणगी नको, अग्निशामक हाताशी हवा. कव्हर आणि हवेचा डबा काढा. बल्ब उभा धरा, बाणाचं टोक वर आणि मोटरच्या दिशेला. सावकाश दाबत जा आणि टॉर्चच्या उजेडात कार्ब्युरेटरच्या तोंडात बघा. निरोगी कार्ब्युरेटरमध्ये बल्ब थोड्याच दाबांत कडक होतो, पुढची दोन-तीन मिनिटं तसाच राहतो आणि तोंड कोरडं राहतं. तोंडातल्या नळीतून किंवा व्हेंटच्या (वाटीला हवा मिळण्याच्या) भोकातून पेट्रोल आलं, तर नीडल पेट्रोल अडवत नाही. खालच्या वाटीच्या सांध्यातून आलं, तर दोष गॅस्केटचा किंवा ड्रेन स्क्रूचा. आत येणाऱ्या नळीच्या टोकाशी ओल दिसली, तर क्लॅम्प तपासा. तुमच्या मोटरला दोन कार्ब्युरेटर असतील तर दोन्ही बघा. बऱ्याचदा एकच वाहत असतो आणि माणूस दोन्ही खोलून बसतो.

वाहत असतानाच स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने वाटीवर हलकेच टकटक करा. पेट्रोल थांबलं तर नीडल अडकलेली आहे किंवा तिच्या टोकाखाली कचरा आहे. हा इलाज नाही, नुसती खूण आहे. पण पुढे कुठे शोधायचं ते ती सांगते.

किट टाकल्यानंतर लगेच ओव्हरफ्लो होण्याचं आमच्या मते सगळ्यात मोठं कारण कचरा आहे, आणि तो कार्ब्युरेटरच्या बाहेरून येतो. जुना पाइप नळीवरून ओढून काढताना आणि पुन्हा ठोसताना आतल्या रबराचे बारीक तुकडे निघतात. ते फिल्टरच्या पुढच्या भागात असतात, त्यामुळे त्यांना अडवणारं काहीच नसतं. पहिल्याच पंपिंगला ते नीडलच्या टोकाखाली येऊन बसतात. म्हणून वाटी काढताना त्यातलं पेट्रोल पांढऱ्या भांड्यात घ्या आणि नीट बघा. काळे कण म्हणजे पाइपचं रबर. पातळ पारदर्शक पापुद्रे म्हणजे पाइपचं आतलं अस्तर सुटलंय. असा पाइप बदलाच, कितीही धुतलात तरी पापुद्रे सुटत राहतील. पांढरट भुकटी म्हणजे पाण्याने खाल्लेलं अॅल्युमिनियम. तळाशी वेगळे थेंब फिरताना दिसले तर ते पाणी आहे.

पाइप जोडण्याआधी त्याचं मोटरकडचं टोक पारदर्शक बाटलीत सोडा आणि बल्बने अर्धा लिटर पेट्रोल काढून टाका. कार्ब्युरेटरच्या आत येणाऱ्या नळीपासून सीटपर्यंतचा छोटा मार्गही उलट्या दिशेने धुवा. खोललेला कार्ब्युरेटर चकचकीत दिसतो, पण हा एक-दीड इंचाचा भाग बहुतेक जण विसरतात. टाकी आणि बल्बच्या मध्ये १० मायक्रॉनचा, पाणी वेगळं करणारा फिल्टर नसेल तर बसवून घ्या.

आता सीट. तिच्या खाली पातळ वॉशर असतो. जुना वॉशर तळाला चिकटून राहिला आणि त्यावर नवा बसला तर सीट वर येते आणि फ्लोटची पातळी बदलते. वॉशर अजिबात नसेल तर त्याहून फसवं: नीडल छान बंद होते, पण पेट्रोल सीटच्या आट्यांच्या बाजूने वाट काढतं. अशा वेळी उंची कितीही बदला, वाहणं थांबत नाही. तुमच्या वर्णनाशी हे जुळतं, म्हणून कचऱ्यानंतर हेच बघा. सीट काढताना खाचेत नेमका बसणारा रुंद स्क्रू ड्रायव्हर घ्या. अरुंद टोकाने पितळ सोलतं आणि तोच कीस नीडलखाली जातो. काही लहान कार्ब्युरेटरमध्ये सीट दाबून बसवलेली असते, ती निघत नाही. तिथे कापसाच्या काडीला सौम्य मेटल पॉलिश लावून आतली कड हलक्या हाताने फिरवून साफ करा आणि नंतर पेट्रोलने भरपूर धुवा.

नीडल नवीन आहे म्हणून ती बरोबरच आहे असं धरू नका. एकच किट अनेक मॉडेलसाठी येतं आणि त्यात दोन-तीन लांबीच्या नीडल असू शकतात. जुनी आणि नवी शेजारी ठेवून मापा. नीडल फ्लोटच्या बिजागरीजवळ असते आणि फ्लोटचं टोक लांब, त्यामुळे नीडलमधला अर्ध्या मिलिमीटरचा फरक फ्लोटच्या टोकाशी कितीतरी जास्त होतो. टोक भिंगाखाली बघा. रबरी टोकावर गोल खळगी पडलेली दिसली तर ती नीडल संपली. नीडल आणि सीट नेहमी जोडीने बदला. नीडलच्या मागे स्प्रिंगवरची बारीक पिन असेल तर ती बोटाने दाबून बघा, सहज आत-बाहेर झाली पाहिजे. आणि नीडल, फ्लोट, ओ-रिंग यांना कार्ब्युरेटर क्लीनरमध्ये कधीच बुडवू नका. क्लीनरने रबर फुगतं.

नीडल आणि फ्लोटला जोडणारी तारेची क्लिप असेल तर तिच्याकडे खास लक्ष द्या. ती उलटी किंवा जिभेच्या चुकीच्या बाजूला अडकली तर नीडल तिरकी राहते. कार्ब्युरेटर उलटा धरून फ्लोट उचलला की नीडल बरोबर वर आली पाहिजे, सोडला की ती स्वतःच्या वजनाने सरळ सीटमध्ये बसली पाहिजे, क्लिपने तिला ओढून धरता कामा नये.

फ्लोट घासतोय का तेही बघा. किटमधलं वाटीचं गॅस्केट थोडं वेगळ्या आकाराचं असेल तर त्याची आतली कड फ्लोटच्या वाटेत येते. वाटी बसवून कार्ब्युरेटर कानाजवळ धरा आणि हलवा. फ्लोटचा टकटक आवाज मोकळा यायला हवा, दबका नको. बिजागरीची पिन वाकलेली असेल किंवा तिचं भोक झिजलेलं असेल तर फ्लोट एका बाजूला झुकून भिंतीला टेकतो. पितळी किंवा पोकळ प्लास्टिकचा फ्लोट हलवून बघा, आत पेट्रोल डुचमळत असेल तर तो फुटलाय. शंका असेल तर तो पुसून गरम पाण्यात बुडवा, भेग असेल तिथून बुडबुडे येतील. पाणी दुसरीकडे गरम करून आणा, पेट्रोल लागलेला भाग चुलीजवळ नेऊ नका.

हे सगळं झाल्यावरच उंची. कार्ब्युरेटर उलटा धरा, फ्लोटची जीभ नीडलला नुसती टेकलेली असावी, स्प्रिंगची पिन दबलेली नको. अनेक आउटबोर्ड कार्ब्युरेटरमध्ये या स्थितीत फ्लोटची कड बॉडीच्या कडेला समांतर असते, पण नेमकं माप आणि ते गॅस्केट लावून घ्यायचं की काढून, हे तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्येच बघा. जीभ वाकवताना फ्लोट उचलून धरा, म्हणजे नीडलच्या टोकावर दाब येत नाही. जीभ प्लास्टिकची असेल तर ती वाकवायची नसते. अशा फ्लोटची उंची चुकत असेल तर नीडल, सीट किंवा वॉशर यांपैकी काहीतरी चुकीचं बसलंय एवढाच अर्थ.

मोटरवर चढवण्याआधी टेबलावरच परीक्षा घ्या. नीडलच्या टोकाला पेट्रोलचा थेंब लावा, कार्ब्युरेटर उलटा ठेवा आणि आत येणाऱ्या नळीला गेजवाला हातपंप जोडून साधारण ५ पीएसआय दाब द्या. काटा स्थिर राहिला तर नीडल-सीट चांगली. नुसत्या फ्लोटच्या वजनावर दाब टिकला नाही, पण बोटाचा अगदी हलका आधार दिल्यावर टिकला, तर सीट ठीक आहे. पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट स्वतःच्या वजनापेक्षा जास्त जोर लावू शकतो. बोट ठेवूनही काटा पडतच राहिला तर नीडल किंवा वॉशरकडे परत जा. कंप्रेसरची हवा मात्र फ्लोट आत असताना कधीही मारू नका. पोकळ फ्लोट त्याने चेपतो आणि नीडल सीटमध्ये ठोकली जाते.

प्रश्न : सकाळी मोटर छान चालते. दुपारी बोट उन्हात उभी राहिली की कव्हरखाली पेट्रोलचा वास येतो, पाण्यावर तवंग दिसतो आणि मोटर सुरू होत नाही. कार्ब्युरेटर नुकताच रीबिल्ड केलाय. किट खराब निघालं का?

उत्तर : किटला दोष देण्याआधी टाकीकडे बघा. उन्हात टाकीतल्या पेट्रोलची वाफ होते. हवेचा स्क्रू बंद असेल तर टाकी फुगते आणि आतला दाब पाइपमधून सरळ नीडलवर येतो. नीडल ठरावीक दाबापर्यंतच पेट्रोल अडवते, त्यापुढे ते तिला ढकलून वाटीत शिरतं आणि व्हेंटमधून बाहेर वाहतं. मोटर बंद असतानाही हे चालू राहतं.

इलाज साधा आहे. मोटर वापरात नसताना पाइपचा कनेक्टर मोटरकडून काढून ठेवा. पुन्हा जोडण्याआधी टाकीचा दाब सोडा, मगच कनेक्टर लावा. टाकी सावलीत ठेवा आणि काठोकाठ भरू नका, वाफेला जागा हवी. अमेरिकेच्या २०११ पासूनच्या नियमांनुसार बनलेल्या सुट्या टाक्या ५ पीएसआयपर्यंत दाब आतच धरून ठेवतात. तिथे झाकण बंद असणं हे टाकीचं नेहमीचं वागणं आहे, म्हणून कनेक्टर काढण्याची सवय अधिकच महत्त्वाची. मोटर चालू असताना टाकी तापत असेल तर पाइपमध्ये फ्यूल डिमांड व्हॉल्व्ह बसवता येतो. तो मोटरच्या पंपाने ओढलं तरच पेट्रोल सोडतो, टाकीच्या दाबाने उघडत नाही.

एवढं करूनही दुपारी वास आलाच, तर वरच्या उत्तरातली बल्बची परीक्षा घ्या.

प्रश्न : बल्ब दाबल्यावर कार्ब्युरेटरचं तोंड कोरडं राहतं. तरीही वरच्या सिलिंडरचा प्लग सतत ओला आणि काळा, खालचा स्वच्छ. नीडल बदलून उपयोग होईल का?

उत्तर : नाही. तोंड कोरडं असेल तर नीडल आपलं काम करतेय. पेट्रोल दुसऱ्या वाटेने जातंय, आणि अशा दोन वाटा आहेत.

पहिली फ्यूल पंपाची. टू-स्ट्रोक मोटरचा पंप क्रँककेसमधल्या (पिस्टनखालच्या बंद पोकळीतल्या) दाबाच्या चढ-उतारावर चालतो. डायफ्रॅमच्या (पंपातल्या लवचिक पडद्याच्या) एका बाजूला पेट्रोल, दुसऱ्या बाजूला क्रँककेसकडे जाणारं भोक. डायफ्रॅमला चीर पडली की पेट्रोल त्या भोकातून सरळ एका सिलिंडरच्या क्रँककेसमध्ये ओढलं जातं. म्हणून एकच प्लग ओला. पंप मोटरवरून सोडवा, पेट्रोलचे पाइप जोडलेलेच राहू द्या आणि बल्ब दाबून पंपाच्या मागच्या भोकाकडे बघा. तिथे ओल दिसली तर पंपाचं किट टाका. तिथे पेट्रोल येत असेल तर बल्बही पुरता कडक होत नाही. पंप नुकताच खोलला असेल तर डायफ्रॅम आणि गॅस्केटचा क्रम उलटा झालाय का तेही बघा. खोलताना प्रत्येक थराचा फोटो काढून ठेवणं हा यावरचा सगळ्यात चांगला उपाय.

दुसरी वाट प्रायमर सोलेनॉइडची (थंड मोटर सुरू करताना जादा पेट्रोल सोडणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हची), तुमच्या मोटरला चोकऐवजी तो असेल तर. त्याच्यापासून मॅनिफोल्डकडे जाणाऱ्या बारीक नळ्या काढा, किल्ली बंद ठेवा आणि बल्ब दाबा. एकही थेंब यायला नको. आला तर आधी सोलेनॉइडवरची हाताने फिरवायची कळ अर्धवट उघडी राहिली आहे का बघा. कळ बंद असूनही गळत असेल तर सोलेनॉइडच्या आतला व्हॉल्व्ह गेला.

प्रश्न : फोर-स्ट्रोक मोटर आहे. ओव्हरफ्लो होत असतानाही काही वेळ चालवली. आता डिपस्टिकवर ऑइल खुणेच्या वर दिसतंय. चालवू का?

उत्तर : अजिबात चालवू नका. जादा पेट्रोल पिस्टनच्या कडेने खाली उतरून ऑइलमध्ये मिसळलंय. डिपस्टिक नाकाजवळ धरा आणि बोटांत ऑइल चोळून बघा, पेट्रोलचा वास आणि पाण्यासारखा पातळपणा लगेच कळेल. असं ऑइल बेअरिंगवर टिकत नाही.

स्टार्टर मारण्याआधी प्लग काढा. सिलिंडरमध्ये पेट्रोल साचलं असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. किल स्विचची दोरी काढलेली, प्लगच्या वायरी बॉडीला नीट अर्थ केलेल्या आणि भोकांपासून दूर, अशा स्थितीत फ्लायव्हील हाताने सावकाश फिरवा. भोकांवर फडकं धरा, पेट्रोलची पिचकारी उडते. बोटीच्या तळाशी वाफ साचू देऊ नका. ती हवेपेक्षा जड असते आणि खालीच बसून राहते.

आधी कार्ब्युरेटर दुरुस्त करा, मग ऑइल आणि ऑइल फिल्टर बदला. हा क्रम उलटा केला तर नवं ऑइलही वाया जाईल. तासभर चालवून पातळी पुन्हा बघा. कार्ब्युरेटर कोरडा असूनही पातळी परत वाढली तर थर्मोस्टॅट (मोटरचं तापमान राखणारा व्हॉल्व्ह) तपासा. तो उघडा अडकला की मोटर थंडच राहते आणि बराच वेळ स्लोवर चालवल्यास पेट्रोल ऑइलमध्ये उतरत राहतं.

प्रश्न : १९५० च्या दशकातली जुनी मोटर पुन्हा उभी करतोय. फ्लोट बुचाच्या लाकडाचा आहे, वरून चांगला दिसतो. तोच ठेवला तर चालेल? टाकीला दोन नळ्या आहेत.

उत्तर : ठेवू नका. बुचावर जुन्या काळी शेलॅकसारखा लेप असायचा. आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल तो लेप विरघळवतं, मग बूच पेट्रोल पितं, जड होतं आणि बुडतं. विरघळलेला लेप नीडलवर चिकटतो तो वेगळाच. त्याच मॉडेलसाठी प्लास्टिकचा फ्लोट मिळत असेल तर तो घ्या. मिळाला नाही तर बूच पूर्ण वाळवून, जुना लेप खरवडून, इथेनॉलला टिकणारं सीलर पातळ थरांत लावा. थर जाड झाला तर फ्लोटचं वजन वाढतं आणि पातळी वर जाते.

दोन नळ्यांची टाकी म्हणजे मोटरला फ्यूल पंप नाही. एका नळीतून क्रँककेसचा दाब टाकीत जातो आणि दुसरीतून पेट्रोल वर येतं. या टाकीचं झाकण हवाबंद असावंच लागतं, त्याला भोक पाडू नका. मोटर बंद केल्यावर मात्र झाकण सैल करून दाब सोडा, नाहीतर बंद मोटरमध्ये पेट्रोल चढत राहील.

प्रश्न : कुठूनही ठिबकत नाही, पण रीबिल्डनंतर स्लोवर धूर आणि अडखळणं आहे. हाही ओव्हरफ्लोच का?

उत्तर : नाही, हे मिक्श्चर रिच झाल्याचं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त झाल्याचं लक्षण आहे. स्लो स्क्रू (स्लोवरचं मिश्रण ठरवणारा) बोटांच्या जोराने हलकेच तळाला टेकवा आणि तिथून एक ते दीड फेरा बाहेर घ्या. बहुतेक टू-स्ट्रोक मोटर या जागेवर सुरू होतात. बारीक सेटिंग पाण्यात, गिअर टाकून, मोटर गरम झाल्यावर करा. स्क्रू जोरात आवळला तर त्याच्या टोकावर गोल खूण पडते आणि मग सेटिंग कधीच जमत नाही. स्क्रूने काहीच फरक पडला नाही तर मेन जेट (पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा भाग) घट्ट बसलंय का आणि त्याखालचा वॉशर किंवा ओ-रिंग जागेवर आहे का ते बघा. साफ करताना जेटमध्ये तार घातली असेल तर भोक मोठं झालं असू शकतं, ते जेट बदला.

प्रश्न : मोटर वर उचलून ठेवली की पेट्रोल गळतं. खाली सोडली की काही नाही. नीडल पुन्हा बदलू का?

उत्तर : गरज नाही. फ्लोट सरळ उभ्या मोटरसाठी बनलेला आहे. मोटर तिरपी झाली की तो नीडल नीट दाबू शकत नाही आणि वाटीतलं पेट्रोलही एका बाजूला येऊन व्हेंटमधून निघतं. उचललेल्या मोटरवर बल्ब कधीच दाबू नका. वर उचलण्याआधी पाइपचा कनेक्टर काढा. मोटर काही दिवस उभी राहणार असेल तर वाटीचा ड्रेन स्क्रू उघडून पेट्रोल बाटलीत काढून घ्या. नुसतं बंद पडेपर्यंत चालवलं तरी वाटीच्या तळाशी थोडं पेट्रोल उरतंच आणि तेच वाळून जेट बुजतं. स्क्रू परत लावताना त्याचा वॉशर हातून पडू देऊ नका.